वाचकांचे प्रश्न : कॉपीराईट कोणाचा आणि साहित्य खुले कसे करावे?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच चिंतेतून लिहिलेली आहेत. आपल्या भागात लिहिले, गायले आणि खेळले गेलेले साहित्य लोकांपर्यंत पोहोचावे, ते बुडू नये, पण ज्याने ते निर्माण केले त्याच्यावर अन्यायही होऊ नये, असे या वाचकांना वाटते. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत. उत्तरांत कायद्याचा उल्लेख येईल तेथे भारताचा १९५७ चा कॉपीराईट अधिनियम, २०१२ च्या दुरुस्तीसह, अभिप्रेत आहे.

प्रश्न : आमचे ग्रंथालय 'ड' वर्गाचे आहे. आमच्याच पंचक्रोशीतील एका शेतकरी कवीने सुमारे पन्नास वर्षांपूर्वी स्वखर्चाने छापलेल्या कवितासंग्रहाची एकच प्रत आमच्याकडे उरली असून तिला वाळवी लागली आहे. कवी निवर्तून चाळीसेक वर्षे झाली, छापखाना बंद पडला आणि वारस कोठे आहेत हे गावात कोणाला सांगता येत नाही. हे पुस्तक स्कॅन करून व्हॉट्सॲपच्या गटांवर टाकले तर तो गुन्हा ठरेल काय?
— एक ग्रंथपाल, ता. आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर : आपल्याला पुस्तक जपायचे आहे आणि ते वाटायचेही आहे. ही दोन कामे कायद्याच्या दृष्टीने वेगळी आहेत. जपण्याचे काम आपण आजच, कोणालाही न विचारता करू शकता. नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाजवळ पुस्तकाची छापील प्रत असेल, तर जतनासाठी ते पुस्तक इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवून ठेवण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये दिली आहे. त्याच कलमानुसार, जे पुस्तक भारतात विक्रीस उपलब्ध नाही त्याच्या जास्तीत जास्त तीन प्रती ग्रंथपालाच्या देखरेखीखाली ग्रंथालयाच्या वापरासाठी काढता येतात. तेव्हा स्कॅनिंग लांबणीवर टाकू नये. जीर्ण पुस्तक झेरॉक्स यंत्रावर दाबले की त्याची शिवण सुटते, म्हणून ते सपाट जागी उघडून मोबाईलने वरून प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे. मुखपृष्ठ, श्रेयपान आणि मलपृष्ठ वगळू नये, कारण पुढे हक्काचा प्रश्न निघाला तर त्याच पानांवरून उत्तर मिळते.

वाटण्याचे काम मात्र परवानगीशिवाय करता येणार नाही. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर येणाऱ्या १ जानेवारीपासून पुढे ६० वर्षे कॉपीराईट टिकतो. आपल्या कवीच्या बाबतीत अजून वीसेक वर्षे शिल्लक आहेत. गटावर पुस्तक टाकणे म्हणजे ते लोकांना उपलब्ध करून देणे होय आणि तो अधिकार वारसांचा आहे.

आता वारस शोधण्याविषयी. कवी शेतकरी होते, हे आपण लिहिले आहे आणि तोच धागा सर्वांत उपयोगाचा आहे. त्यांच्या नावावर जमीन असेल, तर त्यांच्या मृत्यूनंतर तलाठी कार्यालयात वारसांचा फेरफार नोंदला गेला असण्याची मोठी शक्यता आहे. त्या नोंदीत सर्व वारसांची नावे असायला हवीत, सासरी गेलेल्या मुलींचीही. कॉपीराईट ही वारशाने उतरणारी मालमत्ता असल्यामुळे ज्यांची नावे तेथे सापडतील त्यांच्यापैकी शक्य तितक्यांच्या, आणि खरे तर सर्वांच्या, सह्या असलेले एक साधे संमतिपत्र घ्यावे. माझा अनुभव असा की कारण नीट समजावून सांगितल्यावर घरची माणसे क्वचितच नकार देतात. आपल्या आजोबांचे पुस्तक कोणाला तरी हवे आहे, हेच त्यांना प्रथम कळत असते.

आणि वारस सापडलेच नाहीत तर? कायद्यात त्यासाठी कलम ३१-अ आहे. लेखक हयात नसेल किंवा अज्ञात असेल, अथवा हक्काचा मालक सापडत नसेल, तर अर्ज करून प्रकाशनाचा परवाना मागता येतो. ठरवून दिलेली रॉयल्टी जमा करावी लागते. परंतु अर्जापूर्वी आपला प्रस्ताव देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात म्हणून छापावा लागतो. हे अर्ज ज्या अपील मंडळाकडे जात ते २०२१ मध्ये रद्द होऊन ते काम न्यायालयांकडे आले. आरमोरीच्या एका मराठी कवीचे नातलग शोधण्यासाठी देशभराच्या इंग्रजी वृत्तपत्रात जाहिरात द्यायची आणि त्यानंतर वकील करायचा, हे 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाला, त्याचे तुटपुंजे अनुदान पाहता, कसे परवडावे? ही तरतूद कागदावर चांगली आहे, पण ज्या पुस्तकांना तिची सर्वाधिक गरज आहे त्यांच्या उपयोगी ती पडत नाही. जाहिरात पुस्तकाच्या भाषेतील वृत्तपत्रात आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर द्यावी, ठरावीक मुदतीत कोणी हरकत घेतली नाही तर ना-नफा ग्रंथालयाला पुस्तक खुले करता यावे, आणि पुढे वारस प्रकट झाल्यास त्याच्या सांगण्यावरून ते मागे घ्यावे, एवढी दुरुस्ती झाली तरी विदर्भातील शेकडो पुस्तिका वाचतील, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : मी पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी नाटके लिहितो. वडसा येथील एका मंडळाला तीन वर्षांपूर्वी एक संहिता ठोक रकमेवर दिली. लेखी काहीच झाले नाही. या हंगामात तेच नाटक नाव बदलून, दुसऱ्याच लेखकाच्या नावाने, मंडईच्या (गावजत्रेच्या) प्रयोगांत तिकीट लावून चालले आहे. मंडळाचे म्हणणे असे की एकदा पैसे दिले म्हणजे नाटक त्यांचे झाले. ते खरे आहे काय?
— एक नाटककार, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : ते खरे नाही. कलम १९ प्रमाणे कॉपीराईटचे हस्तांतरण लेखी असल्याशिवाय आणि त्यावर देणाऱ्याची सही असल्याशिवाय वैध ठरत नाही. पैसे हातात पडले एवढ्यावरून नाटकाची मालकी जात नाही. फार तर त्या वेळी ठरलेल्या प्रयोगांपुरती परवानगी आपण दिली होती, असे म्हणता येईल. हस्तांतरण लेखी असते आणि त्यात मुदत लिहिली नसती, तरीही कायद्याने ती पाच वर्षांचीच धरली असती. ही कलमे लेखकाच्या अज्ञानाचा फायदा घेतला जाऊ नये म्हणूनच आहेत, परंतु दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर प्रयोग करणाऱ्या आणि हजारो लोकांना जागे ठेवणाऱ्या या रंगभूमीवर अजूनही बहुतेक व्यवहार तोंडी होतात आणि त्याची किंमत लेखक मोजतो.

नाव बदलणे आणि आपले नाव काढून टाकणे ही याहून गंभीर गोष्ट आहे. कलम ५७ प्रमाणे स्वतःच्या कृतीचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा आणि तिची मोडतोड रोखण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. सर्व हक्क विकून टाकले तरीही तो अधिकार जात नाही.

आपण पुढीलप्रमाणे पुरावा गोळा करावा. मूळ हस्तलिखित वही, तालमीच्या वेळी मोबाईलवर पाठवलेली पाने आणि त्यांवरील तारखा, पहिल्या हंगामातील आपले नाव असलेली पत्रके, आताच्या प्रयोगाची पत्रके व तिकिटे, आणि दोन्ही वेळी काम केलेले कलावंत किंवा प्रॉम्प्टर यांचे जबाब, हे सर्व एकत्र करावे. त्यानंतर वकिलामार्फत नोटीस द्यावी. दावा दाखल करण्यासाठी दूरच्या शहरात जाण्याची गरज नाही, कारण कलम ६२ प्रमाणे लेखक जेथे राहतो त्या भागातील जिल्हा न्यायालयातही तो दाखल करता येतो. नोंदणी नसेल तरी दावा बुडत नाही. कॉपीराईट कृती निर्माण होताच मिळतो आणि नोंदणीचा उपयोग पुराव्यापुरता असतो.

एक सावधगिरी मात्र हवी. विषयावर कोणाची मालकी नसते. कर्जात बुडालेला बाप, परत आलेला मुलगा, सावकाराच्या घरातील सून ही कथावस्तू दहा नाटककार वापरू शकतात. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हेच सांगितले की संरक्षण कल्पनेला नसून तिच्या मांडणीला आहे. आपल्याला प्रवेशांची रचना, संवाद आणि पदे जुळतात हे दाखवावे लागेल. म्हणून दोन्ही संहितांचे प्रवेश समोरासमोर मांडलेला तक्ता तयार करावा.

पुढील संहितेच्या वेळी एका पानाचा करार पुरेसा आहे. किती हंगाम, प्रत्येक प्रयोगामागे किती मानधन, पत्रकावर नाव कोठे, आणि चित्रीकरण यूट्यूबवर टाकण्याचा हक्क दिला आहे की नाही, एवढे त्यात असावे. शेवटची बाब विसरू नये, कारण संपूर्ण प्रयोग मोबाईलवर फुकट पाहायला मिळू लागला की पुढच्या वर्षी त्या नाटकाची मागणी घटते. याउलट, तिकीट न लावता गावातील हौशी मंडळाने नाटक केले तर कलम ५२ मध्ये त्याला मोकळीक आहेच. आपण स्वतःही संहितेवर लिहू शकता की शाळा आणि विनातिकीट हौशी मंडळे यांना ती विनामूल्य आहे व व्यावसायिक प्रयोगांसाठी करार आवश्यक आहे. नाटक सर्वत्र पोहोचावे आणि लेखकाचे घरही चालावे, या दोन्ही इच्छा एकाच पानावर नांदू शकतात.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना जात्यावरच्या शेकडो ओव्या येतात. शहरातून आलेल्या काहींनी त्या मोबाईलवर रेकॉर्ड करून नेल्या. नंतर त्यांचे पुस्तक आणि व्हिडिओ निघाले असे कळले, पण सासूबाईंचे नाव कोठेही नाही. ओव्या तर सगळ्यांच्याच, असे आम्हाला सांगण्यात आले. हे बरोबर आहे काय?
— एक वाचक भगिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, ते अर्धेच बरोबर आहे. पिढ्यान्पिढ्या चालत आलेल्या, कर्ता माहीत नसलेल्या ओवीच्या शब्दांवर कोणा एकाचा कॉपीराईट नाही आणि तो नसावाच. परंतु त्या ओवीला सासूबाईंनी दिलेला आवाज हा त्यांचा आहे. कायद्याच्या कलम ३८ मध्ये सादरकर्त्याचा स्वतंत्र हक्क सांगितला असून तो सादरीकरणानंतरच्या वर्षापासून ५० वर्षे टिकतो. कोणी केवळ स्वतःसाठी किंवा निखळ संशोधनासाठी ध्वनिमुद्रण केले तर त्यात उल्लंघन होत नाही. मात्र तेच मुद्रण व्हिडिओ करून लोकांसमोर आणायचे असेल तर त्यांची संमती लागते, आणि सादरकर्ती म्हणून नाव लागण्याचा अधिकारही २०१२ च्या दुरुस्तीने दिला आहे. शिवाय जात्यावर बसलेली बाई जुन्याच ओव्या म्हणते असे नाही. स्वतःच्या माहेराविषयी, लेकीविषयी, दुष्काळाविषयी ती नव्या ओव्या रचते. अशा ओव्या सासूबाईंनी स्वतः रचल्या असतील तर त्यांच्या त्या कवयित्री आहेत.

नाव जपूनही संग्रह खुला ठेवता येतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुढाकार घेऊन खेड्यापाड्यांतून जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह आज 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या संकेतस्थळावर क्रमाक्रमाने येतो आहे, तो कोणालाही विनामूल्य ऐकता येतो आणि तेथे ओवीबरोबर गायिकेचे नाव व गाव दिलेले असते. खुलेपणाच्या नावाखाली गरीब माणसाचे नाव पुसले जाणे हे मला कोणत्याही चोरीइतकेच वाईट वाटते.

आपण त्या मंडळींना पत्र लिहून व्हिडिओच्या वर्णनात आणि पुस्तकाच्या पुढील आवृत्तीत सासूबाईंचे पूर्ण नाव व गाव घालण्याची मागणी करावी, आणि मूळ ध्वनिमुद्रणाची प्रत मागून घ्यावी. ती प्रत घरात असणे हे पुढे नातवंडांसाठीही मोलाचे ठरेल. यापुढे कोणी रेकॉर्डिंगसाठी आले तर आधी एका कागदावर नाव, तारीख आणि कशासाठी वापरणार हे लिहून घ्यावे.

प्रश्न : आमचे भजन मंडळ राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने खंजिरीवर म्हणते. ती आमच्या आवाजात यूट्यूबवर टाकावी काय? एकदा तुकोबांचा अभंग टाकला तर कॉपीराईटची सूचना आली. तुकोबांच्या अभंगावर आता कोणाचा हक्क?
— भजन मंडळाचे कार्यकर्ते, ता. तिवसा, जि. अमरावती

उत्तर : तुकोबांच्या अभंगांवर कोणाचाही हक्क नाही. अशी सूचना बहुधा यंत्राने पाठवलेली असते. ते यंत्र आपला आवाज एखाद्या कंपनीच्या ध्वनिमुद्रणाशी जुळवून पाहते. आपण साथीला कॅसेटमधील तयार संगीत वापरले असेल तर सूचना योग्य आहे, कारण ध्वनिमुद्रणाला प्रसिद्धीपासून ६० वर्षांचे स्वतंत्र संरक्षण असते आणि चाल कोणा आधुनिक संगीतकाराची असेल तर तिचाही हक्क वेगळा असतो. पारंपरिक चालीत, स्वतःच्या टाळ-मृदंगावर गायले असेल, तर सूचनेखालीच हरकत नोंदवण्याची सोय असते. तेथे अभंग सतराव्या शतकातील असून गायन व वादन आपले आहे, एवढे स्पष्ट लिहावे.

राष्ट्रसंतांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे महानिर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांचा कॉपीराईट ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत राहतो आणि १ जानेवारी २०२९ पासून 'ग्रामगीता' व ती भजने सर्वांसाठी खुली होतील. तोपर्यंत गावातील मंदिरात किंवा सामुदायिक प्रार्थनेत, तिकीट न लावता ती म्हणण्यास कसलीही अडचण नाही. हौशी मंडळाचे विनामूल्य सादरीकरण आणि धार्मिक विधीतील गायन या दोहोंना कायद्याने सूट दिली आहे. यूट्यूबवर टाकणे त्या सुटीत बसत नाही. आपल्या भजनपुस्तिकेच्या श्रेयपानावर ज्या संस्थेचे नाव हक्कधारक म्हणून छापले आहे, तिच्याकडे एक विनंतीपत्र पाठवावे.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते. एखाद्या कथेच्या झेरॉक्स प्रती काढून मुलांना दिल्या तर चालेल काय?
— एक शिक्षिका, ता. मानोरा, जि. वाशीम

उत्तर : होय, चालेल. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत कलम ५२ प्रमाणे उल्लंघन ठरत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानाविरुद्ध तीन बड्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला होता. अभ्यासक्रमासाठी निरनिराळ्या पुस्तकांतील प्रकरणांचे संच तेथे झेरॉक्स करून मिळत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये निकाल देताना साहित्यावरील कॉपीराईट हा दैवी किंवा निसर्गदत्त हक्क नसल्याचे म्हटले, अपिलातही शिक्षणासाठीची ही सूट कायम राहिली आणि पुढे प्रकाशकांनी दावा मागे घेतला. ज्या मुलाच्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज एकही पुस्तक नाही, त्याच्या हातात या निकालामुळे निर्धास्तपणे एक कथा ठेवता येते. फक्त कथेखाली लेखकाचे नाव अवश्य लिहावे. प्रती विकू नयेत, आणि संपूर्ण पुस्तक बाजारात मिळत असेल तर शाळेने ते विकत घ्यावे.

प्रश्न : आपण आणि आपल्यासारखे लोक साहित्य मुक्त करा म्हणता. सोयाबीनला भाव नाही, कापसाला भाव नाही, आता लिहिलेलेही फुकट द्यायचे काय? लेखकाने जगायचे कशावर?
— एक कादंबरीकार, ता. पांढरकवडा, जि. यवतमाळ

उत्तर : आपला राग मी समजू शकतो आणि त्यात तथ्यही आहे. ज्याला आपल्या लेखनातून चार पैसे मिळतात त्याने ते सोडावेत, असे मी कधीही म्हणणार नाही. कायद्यात सुधारणा हवी असे म्हणणारे सगळेच लेखकाविरुद्ध उभे आहेत, अशी समजूत झालेली दिसते, पण २०१२ ची दुरुस्ती आठवावी. चित्रपटासाठी गीत लिहिणारा कवी आणि संगीतकार यांच्याकडून निर्माते सर्व हक्क एकरकमी लिहून घेत. त्या दुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेरील वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतील त्यांचा वाटा करार करूनही काढून घेता येणार नाही, अशी व्यवस्था केली. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत आणि बाहेर केलेला पाठपुरावा सर्वांना ठाऊक आहे. त्याच दुरुस्तीने अंध वाचकांसाठी पुस्तके ब्रेल किंवा श्राव्य रूपात परवानगीशिवाय करण्याची मुभाही दिली. म्हणजे एकाच सुधारणेने निर्मात्याला बळ दिले आणि वाचकालाही वाट करून दिली.

माझा आक्षेप मृत्यूनंतरच्या ६० वर्षांना आहे. १७१० साली इंग्लंडमध्ये झालेल्या पहिल्या कायद्यात नव्या पुस्तकाला १४ वर्षांचे संरक्षण होते आणि लेखक हयात असल्यास आणखी १४. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यात मृत्यूनंतर ५० वर्षे ठरली होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये निवर्तले. त्यांचे साहित्य त्यांनीच स्थापन केलेल्या विश्वभारती विद्यापीठाच्या हातून सुटण्याची वेळ आली, तेव्हा १९९१ च्या अखेरीस घाईने पाऊल उचलून पुढे १९९२ च्या दुरुस्तीने ती मुदत ६० वर्षे करण्यात आली. एका महाकवीच्या वाङ्मयासाठी केलेला हा बदल प्रत्येक लेखकाला लागू झाला, ज्याचे पुस्तक मृत्यूनंतर कोणीच छापणार नव्हते त्यालाही. रवींद्रनाथांची पुस्तके दहा वर्षे बंद राहिल्याने नष्ट झाली नाहीत. पाचशे प्रती काढलेली, अर्ध्या नातेवाईकांत वाटलेली आणि अर्ध्या माळ्यावर उंदरांनी खाल्लेली वऱ्हाडातील कादंबरी मात्र तेवढ्या काळात नाहीशी होते. कॉपीराईटविषयीचा आंतरराष्ट्रीय बर्न करार सर्वसाधारण पुस्तकांसाठी ५० वर्षेच मागतो, तेव्हा भारताला जुन्या मुदतीवर परतण्यास आंतरराष्ट्रीय अडसर नाही.

आपण स्वतःलाच एक प्रश्न विचारून पाहावा. आपल्या पहिल्या कादंबरीची शेवटची प्रत कधी विकली गेली? ती विकली जात असेल तर हक्क घट्ट धरून ठेवा आणि मानधनाचा हिशोब प्रकाशकाकडे नेटाने मागा. बाजारात ती नसेलच, तर बंद ठेवून तिच्यातून एक रुपयाही येणार नाही. अशी पुस्तके खुली केल्याने नवी पुस्तके विकत घेणारा वाचक तयार होऊ शकतो. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत आणि मराठी विश्वकोश घरबसल्या वाचता येतो. सार्वजनिक पैशातून झालेल्या कामाबद्दल हेच योग्य आहे. शासनाच्या अनुदानातून निघालेले प्रत्येक पुस्तक काही वर्षांनी आपोआप खुले व्हावे, असा नियम झाला तर लेखकाला आगाऊ मोबदला मिळेल आणि पुस्तकही टिकेल.

प्रश्न : माझे तीन कवितासंग्रह स्वखर्चाने निघाले. वय झाले. माझ्यानंतर ते कोणालाही छापता यावेत, अशी इच्छा आहे. काय करावे?
— एक निवृत्त शिक्षक, ता. तुमसर, जि. भंडारा

उत्तर : गुरुजी, हे काम आपल्या हयातीतच करायला घेतले, याचा मला मनापासून आनंद वाटतो. आरमोरीच्या ग्रंथपालांना ज्या अडचणीला तोंड द्यावे लागते आहे, ती आपल्या वाचकांपुरती आपण एका कागदाने दूर करू शकता.

दोन मार्ग आहेत. कलम २१ प्रमाणे कॉपीराईट निबंधकाला (रजिस्ट्रारला) कळवून किंवा जाहीर सूचना देऊन हक्क पूर्णपणे सोडून देता येतात. दुसरा मार्ग हक्क आपल्याकडे ठेवून सर्वांना परवाना देण्याचा आहे आणि मी तोच सुचवीन. क्रिएटिव्ह कॉमन्स या २००१ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने यासाठी तयार परवाने केले आहेत. 'सीसी बाय' म्हणजे नाव देऊन कोणीही, कशासाठीही वापरावे. त्याला 'एसए' जोडले की घेणाऱ्यानेही आपले रूप त्याच अटीवर खुले ठेवायचे. 'एनसी' जोडले की व्यापारी वापर वर्ज्य, आणि 'एनडी' जोडले की बदल करून ते प्रसिद्ध करता येत नाही. मराठी विकिस्रोतासारख्या मुक्त ग्रंथालयात संग्रह जावेत अशी इच्छा असेल तर 'एनसी' आणि 'एनडी' टाळावे लागतील, कारण तेथे ती बंधने चालत नाहीत. 'एनडी'मुळे कवितांचा अनुवादही अडतो, हे ध्यानात घ्यावे. दिलेला परवाना परत घेता येत नाही, तेव्हा घरच्यांशी बोलूनच निर्णय करावा.

इंग्रजी नावांचा परवाना नको वाटल्यास साध्या मराठीत लिहिले तरी ते लेखी परवाना म्हणून चालते : "माझ्या पुढील तीन संग्रहांतील कविता कोणीही, कोणत्याही माध्यमात, माझे नाव देऊन विनामूल्य छापाव्यात, गाव्यात, अनुवादित कराव्यात व इतरांना द्याव्यात. ही परवानगी जगभरासाठी आणि कॉपीराईटच्या संपूर्ण मुदतीसाठी आहे." शेवटचे वाक्य गाळू नये. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, एवढेच गृहीत धरू शकतो. खाली संग्रहांची नावे, प्रकाशनवर्षे, सही, तारीख आणि दोन साक्षीदार असावेत.

मुखपृष्ठाचे चित्र कोणी काढले आणि प्रस्तावना कोणी लिहिली, हेही पाहावे. त्यांचे हक्क त्यांचे आहेत, म्हणून त्यांची वेगळी संमती घ्यावी किंवा ती पाने वगळावीत. कागदाच्या प्रती मुलांकडे, तालुक्याच्या ग्रंथालयात आणि एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागात ठेवाव्यात आणि प्रत्येक ठिकाणी संग्रहाची एक प्रत सोबत द्यावी.

प्रश्न : स्नेहसंमेलनात राम गणेश गडकरी यांच्या नाटकाचा एक अंक करायचा आहे. त्यांचे निधन आमच्याच तालुक्याच्या गावी झाले. परवानगी कोणाची घ्यावी?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, ता. सावनेर, जि. नागपूर

उत्तर : कोणाचीही नाही. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे निवर्तले आणि त्यांच्या नाटकांचा कॉपीराईट केव्हाच संपला आहे. आपण तिकीट लावूनही प्रयोग करू शकता, त्याचे चित्रीकरण यूट्यूबवर टाकू शकता आणि संहिता स्वतः टंकित करून विकिस्रोतावर चढवू शकता. छापील आवृत्तीतील अलीकडच्या संपादकाची प्रस्तावना आणि टिपा मात्र त्या संपादकाच्या असतात. त्या वगळून केवळ मूळ नाटकाचा मजकूर घ्यावा.